विंडोज अपडेट पुन्हा पुन्हा फेल होतंय? फॉरमॅट मारण्याआधी हा क्रम धरा

विंडोजचं अपडेट फेल झालं म्हणजे कॉम्प्युटर बिघडला असं नव्हे. बहुतेक वेळा सी ड्राइव्हवर जागा उरलेली नसते, नेट मधेच तुटलेलं असतं, किंवा डाउनलोड झालेली फाइल खराब असते. या तिन्ही गोष्टी घरबसल्या, पैसे न घालता सुटतात. तरी आपल्याकडे पहिला सल्ला मिळतो तो 'फॉरमॅट मारून घ्या' असाच. मग लग्नाचे फोटो, जमिनीच्या कागदांच्या स्कॅन प्रती, जत्रेतल्या नाटकाची टाइप करून ठेवलेली संहिता, सगळं एका दुपारी पुसलं जातं आणि कुणालाच त्याचं काही वाटत नाही. मला वाटतं, म्हणून हे लिहितोय.

नात्यातल्या आणि शेजारच्या बऱ्याच मशीनवर मी हाच क्रम वापरला आहे. फॉरमॅटपर्यंत त्यातली फार थोडी पोचली. हलक्या उपायापासून जड उपायाकडे जायचं, आणि ज्या पायरीवर अपडेट बसलं तिथे थांबायचं. पुढच्या पायऱ्या मग करायच्याच नाहीत.

सुरू करण्याआधी हाताशी ठेवा:

- लॅपटॉप असेल तर चार्जर, डेस्कटॉप असेल तर यूपीएस किंवा इन्व्हर्टरवरचा प्लग
- फाइल्स काढून ठेवायला बाहेरची हार्ड डिस्क किंवा मोठा पेनड्राइव्ह
- निदान ८ जीबीचा दुसरा, रिकामा पेनड्राइव्ह
- मायक्रोसॉफ्ट खात्याचा ईमेल आणि पासवर्ड
- बिटलॉकरची (विंडोजमधल्या डिस्कच्या कुलपाची) रिकव्हरी की, म्हणजे ४८ अंकी क्रमांक (याबद्दल पायरी ४ मध्ये)
- वही आणि पेन, कारण मशीन अडकलं की त्याच मशीनवर लिहिलेली टिपणं उघडत नाहीत
- वॉरंटी चालू असेल तर बिल

## १. पडद्यावर टक्के फिरत असताना बटण दाबू नका

'वर्किंग ऑन अपडेट्स' किंवा 'अनडूइंग चेंजेस' असं दिसत असेल तर मशीन काम करतंय. जुन्या हार्ड डिस्कवर हे तासभर, कधी दोन-तीन तासही चालतं, आणि मधेच एखाद्या आकड्यावर टक्के थिजल्यासारखे दिसतात. डिस्कचा छोटा दिवा लुकलुकत असेल तर वाट बघा. कित्येक तास काहीच हललं नाही आणि दिवाही शांत असेल, तरच पॉवर बटण दहा सेकंद दाबून धरा.

गोव्यात खरा धोका लाईटचा. मे महिन्यातले वळिवाचे गडगडाट, जून ते सप्टेंबरचा पाऊस आणि ऑक्टोबरचा परतीचा पाऊस या काळात वीज कधी जाईल सांगता येत नाही. सत्तरी, काणकोण, पेडण्याच्या आतल्या वाड्यांवर तर एकदा गेली की परत कधी येईल तेही. घरगुती यूपीएस दहा-पंधरा मिनिटं तग धरतो. तेवढ्यात मशीन नीट बंद करता येतं, अपडेट पुरं होत नाही. म्हणून पावसाळ्यात डेस्कटॉपचं मोठं अपडेट इन्व्हर्टर पूर्ण चार्ज असताना, सकाळी लावा. बाहेर गडगडत असेल तर लावूच नका, आणि राउटरचा प्लगही काढून ठेवा.

'पॉज अपडेट्स' वापरून अपडेट जास्तीत जास्त पाच आठवडे पुढे ढकलता येतं. चांगल्या हवामानाची वाट बघायला एवढे दिवस पुरतात. मायक्रोसॉफ्टचं दर महिन्याचं मुख्य अपडेट दुसऱ्या मंगळवारी निघतं. आपल्याकडे तेव्हा रात्र झालेली असते, त्यामुळे घरच्या मशीनवर ते बुधवारी दिसतं. घाईचं काम त्या बुधवारी ठेवू नका.

## २. एरर कोड लिहून घ्या

सेटिंग्ज उघडा, विंडोज अपडेटमध्ये जा, तिथून 'अपडेट हिस्ट्री'. फेल झालेल्या ओळीत दोन गोष्टी सापडतात: केबीने सुरू होणारा अपडेटचा क्रमांक आणि ०एक्सने सुरू होणारा एरर कोड. दोन्ही वहीत उतरवा. 'अपडेट होत नाही' एवढ्यावरून कुणीच मदत करू शकत नाही, कोड असला की निम्मं काम झालं.

कोड लांबलचक असतो, पण घरगुती मशीनवर वारंवार दिसणारे शेवटच्या चार अक्षरांवरून ओळखता येतात:

- ००७०: सी ड्राइव्हवर जागा नाही. सरळ पायरी ५.
- २ईई२: सर्व्हरकडून वेळेत उत्तर आलं नाही, म्हणजे नेट. पायरी ६.
- २एफ८एफ: बहुधा तारीख-वेळ चुकलेली. पायरी ६.
- ००२०: दुसऱ्या कुठल्या तरी प्रोग्रॅमने फाइल अडवून ठेवली आहे, बहुधा अँटिव्हायरसने. पायरी ६.
- ०९२२: व्हीपीएन (नेट दुसऱ्या सर्व्हरमार्गे वळवणारा प्रोग्रॅम) चालू आहे, किंवा विंडोजच्या लपलेल्या छोट्या पार्टिशनमध्ये (डिस्कच्या वेगळ्या कप्प्यात) जागा नाही. व्हीपीएन बंद करून बघा.
- ३७१२ आणि ०८१एफ: विंडोजच्या स्वतःच्या फाइल्स खराब किंवा गायब. पायरी ८.
- ०१०१, आणि सुरुवात ०एक्ससी१९ अशी: ड्रायव्हरची भानगड. पायरी ६ मधला जोडलेल्या वस्तूंचा भाग.

कधी कधी दोष तुमच्याकडे नसतोच. जानेवारी २०२४ मध्ये आलेल्या केबी५०३४४४१ या अपडेटला रिकव्हरी पार्टिशनमध्ये २५० एमबी मोकळी जागा हवी होती. असंख्य मशीनवर ती नव्हती आणि शेवटी ०६४३ असलेला कोड दिसायचा. तेव्हा केबी क्रमांक शोधून बघा. जगभर सगळ्यांनाच तोच कोड येत असेल तर अपडेट पॉज करून पुढच्या महिन्याची वाट पाहणं हेच शहाणपण.

सावध: एरर दाखवताना पडद्यावर फोन नंबर आला आणि 'मायक्रोसॉफ्टला फोन करा' असं लिहिलेलं असलं, तर ती फसवणूक आहे. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या एरर संदेशात फोन नंबर कधीच नसतो. स्वतःहून फोन करून 'तुमच्या कॉम्प्युटरला अडचण आहे' म्हणणाऱ्यालाही काही सांगू नका, त्याने सुचवलेलं रिमोट अ‍ॅप घालू नका. पैसे गेलेच तर लगेच १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर फोन करा. जितका उशीर, तितकी रक्कम अडवण्याची शक्यता कमी. घरी एकटे राहणाऱ्या ज्येष्ठांना हा नंबर मोठ्या अक्षरांत लिहून द्या.

## ३. विंडोज कोणतं आहे ते बघा

सेटिंग्ज, सिस्टीम, 'अबाउट'. विंडोज १० असेल तर हे माहीत हवं की त्याचा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती मशीनला सुरक्षा अपडेट्स १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळू शकतात, पण त्यासाठी २२एच२ ही आवृत्ती हवी आणि विंडोज अपडेटच्या पानावरून वाढीव सुरक्षा योजनेत नाव नोंदवावं लागतं. अपडेट येतच नाही अशी तक्रार असेल तर आधी ही नोंदणी तपासा.

विंडोज ११ ला टीपीएम २.० (मशीनमधली सुरक्षा चिप), सिक्युअर बूट (सुरू होतानाची सुरक्षा तपासणी), ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी डिस्क लागते, शिवाय प्रोसेसर मायक्रोसॉफ्टच्या यादीतला हवा. इंटेलचे साधारण आठव्या पिढीपासूनचे चालतात. अट चुकवून ११ बसवून देणारे भेटतील. अशा मशीनला पुढे अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि अपडेटच्या त्रासातून सुटायला निघालेल्या माणसाने त्यात पडू नये.

## ४. फाइल्स बाहेर काढा, रिकव्हरी की शोधा

या लेखातली एकच पायरी करणार असाल तर ही करा.

डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स आणि डाउनलोड्स हे चार फोल्डर बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा. टॅलीसारखा हिशेबाचा प्रोग्रॅम असेल तर त्याचा बॅकअप वेगळा घ्या, त्याची माहिती बहुधा दुसऱ्याच फोल्डरात असते. मराठी टायपिंग करणाऱ्यांनी आणखी एक करायचं: जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टाइप केलेल्या संहिता, भजनांच्या वह्या, मंडळाचे अहवाल असतील तर त्या फॉन्टच्या फाइल्सही विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरातून कॉपी करून ठेवा. विंडोज नव्याने घातलं की ते फॉन्ट जातात. मग मजकूर असूनही पडद्यावर नुसती चिन्हं दिसतात, आणि तो फॉन्ट आता कुठे मिळेल हे सांगणारं कुणी उरलेलं नसतं.

आता रिकव्हरी की. अलीकडच्या बऱ्याच लॅपटॉपवर डिस्क आपोआप एन्क्रिप्ट, म्हणजे कुलूपबंद होते. दुरुस्ती करताना, बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या मशीनच्या मूळ सेटिंग्जमध्ये) बदल झाला की किंवा रिकव्हरीत शिरताना निळा पडदा येतो आणि ४८ अंकी बिटलॉकर की मागतो. ती नसेल तर आतल्या फाइल्स कुणीही काढून देऊ शकत नाही, दुकानदारही नाही आणि मायक्रोसॉफ्टही नाही. ज्या मायक्रोसॉफ्ट खात्याने लॅपटॉप पहिल्यांदा सुरू केला, त्या खात्यात की साठवलेली असते. फोनवरून खात्यात जाऊन डिव्हाइसेसखाली पाहा आणि कागदावर उतरवा.

गोव्यातल्या घरांत इथेच गाठ बसते. लॅपटॉप आई-वडील वापरतात, खातं मात्र मुलाचं किंवा मुलीचं, आणि ती असतात आखातात, लंडनला किंवा जहाजावर. बोट समुद्रात असली की आठवडे-महिने नीट बोलणं होत नाही. तेव्हा चवथीला सगळी घरी येतील तेव्हा, किंवा पोर जहाजावर चढायच्या आधी, की काढून घ्या आणि घराच्या कागदपत्रांबरोबर ठेवा.

## ५. सी ड्राइव्हवर जागा करा

विंडोजच्या मोठ्या वार्षिक अपडेटसाठी २० जीबी मोकळी हवी, असं धरून चाला. १२८ जीबीच्या एसएसडीवर ती सहसा नसते.

सेटिंग्ज, सिस्टीम, स्टोरेज, 'टेम्पररी फाइल्स'. यादी येईपर्यंत थांबा. जुन्या अपडेट्सचा कचरा, डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन फाइल्स, थंबनेल्स, रिसायकल बिन यांवर खूण करून काढून टाका.

इथे दोन खड्डे आहेत. या यादीत 'डाउनलोड्स' असाही एक पर्याय असतो. त्यावर खूण केली तर डाउनलोड्स फोल्डरातलं सगळं पुसलं जातं, व्हॉट्सअ‍ॅपवरून उतरवलेली कागदपत्रंसुद्धा. दुसरा 'प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन'. ते काढलं की आधीच्या आवृत्तीवर परत जायची वाट बंद होते. ही वाट मोठ्या अपडेटनंतर दहा दिवसच उघडी असते, तोवर ते राहू द्या.

एवढ्याने भागलं नाही तर व्हिडिओ बाहेरच्या डिस्कवर हलवा. 'क्लीनर' नावाचे फुकट प्रोग्रॅम घालू नका, विंडोजमध्ये आहे तेवढं पुरेसं आहे.

## ६. नेट, घड्याळ, अँटिव्हायरस, जोडलेल्या वस्तू

नेट. मोबाइलच्या हॉटस्पॉटला विंडोज 'मीटर्ड', म्हणजे मोजून वापरायची जोडणी मानू शकतं आणि मग अपडेट उतरवतच नाही. विंडोज अपडेटच्या 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स'मध्ये मीटर्ड जोडणीवर डाउनलोड करायची परवानगी देता येते, पण अपडेट काही जीबींचंही असू शकतं, तेव्हा रोजचा डेटा बघून द्या. गावी रेंज कमी असेल तर लॅपटॉप घेऊन म्हापशाला किंवा फोंड्याला एखाद्या नातेवाइकाच्या फायबरवर डाउनलोड करणं सर्वांत सोपं. घरात दोन मशीन असतील तर 'डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन'मध्ये घरच्या नेटवर्कवरील मशीनकडून घेण्याची परवानगी चालू ठेवा. एकाने उतरवलेलं दुसऱ्याला मिळतं.

घड्याळ. जुन्या डेस्कटॉपची तारीख प्रत्येक वेळी मागे जात असेल तर मदरबोर्डवरचा सीआर २०३२ हा नाण्यासारखा सेल संपलाय. तारीख चुकली की सर्व्हरशी सुरक्षित जोडणी होत नाही आणि अपडेट तिथेच अडतं. घड्याळाच्या दुकानातही हा सेल मिळतो.

अँटिव्हायरस. बाहेरचा अँटिव्हायरस असेल तर तो थोडा वेळ पूर्ण काढा, नुसता बंद करून भागत नाही. विंडोजचा स्वतःचा डिफेंडर आपोआप चालू होतो, त्यामुळे मशीन उघडं पडत नाही. पैसे भरून घेतलेला असेल तर लायसन्स की आधी लिहून ठेवा.

वस्तू. प्रिंटर, बाहेरची डिस्क, एसडी कार्ड, डोंगल, सगळं उपटा. फक्त कीबोर्ड, माउस आणि पडदा.

मग 'रीस्टार्ट' करा. 'शट डाउन' करून परत चालू करणं वेगळं: फास्ट स्टार्टअपमुळे त्यात विंडोजचा गाभा तसाच साठवून ठेवलेला असतो. अर्धवट अपडेट मार्गी लागायला रीस्टार्टच हवा.

## ७. ट्रबलशूटर आणि अर्धवट फाइल्स

विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, सिस्टीम, ट्रबलशूट, 'अदर ट्रबलशूटर्स', त्यात विंडोज अपडेटसमोर 'रन'. खूप आशा ठेवू नका, पण दोन मिनिटांचं काम आहे.

त्याहून उपयोगी म्हणजे अर्धवट डाउनलोड झालेल्या फाइल्स पुसणं. स्टार्टमध्ये 'सर्व्हिसेस' शोधून उघडा. यादीत 'विंडोज अपडेट' आणि 'बॅकग्राउंड इंटेलिजंट ट्रान्सफर सर्व्हिस' सापडतील, दोन्हींवर राइट क्लिक करून 'स्टॉप'. मग सी ड्राइव्ह, विंडोज, 'सॉफ्टवेअरडिस्ट्रिब्यूशन', त्यात 'डाउनलोड'. या आतल्या फोल्डरातला मजकूर पुसा, बाकी कशाला हात लावू नका. रीस्टार्ट करून पुन्हा 'चेक फॉर अपडेट्स'. सगळं नव्याने उतरेल.

## ८. विंडोजच्या फाइल्सची दुरुस्ती

स्टार्टवर राइट क्लिक, टर्मिनल 'अ‍ॅडमिन' उघडा. दोन आज्ञा द्यायच्या, दोन्ही इंग्रजी अक्षरांत. प्रत्येक तिरक्या रेघेच्या आधी एक मोकळी जागा, रेघेनंतर अजिबात नाही.

पहिली: डिस्म /ऑनलाइन /क्लीनअप-इमेज /रिस्टोअरहेल्थ. स्पेलिंग डी-आय-एस-एम, पुढचे शब्द नेहमीच्या स्पेलिंगने, 'रिस्टोअरहेल्थ' एकत्र जोडून. ही चांगल्या फाइल्स नेटवरून आणते, म्हणून नेट चालू ठेवा. मधल्या टक्क्यावर ती बराच वेळ थांबते. खिडकी बंद करू नका.

ती संपल्यावर दुसरी: एसएफसी /स्कॅननाऊ. क्रम हाच ठेवा. पहिली आज्ञा विंडोजने जपून ठेवलेल्या मूळ फाइल्सचा साठा दुरुस्त करते, दुसरी त्या साठ्यातून चालू फाइल्स बदलते. साठाच खराब असेल तर दुसरीला देण्यासारखं काही नसतं.

याच वेळी डिस्कही तपासा: सी ड्राइव्हवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, टूल्स, 'चेक'. फिरणारी जुनी हार्ड डिस्क टकटक आवाज करत असेल तर अपडेटचा नाद सोडा, फाइल्स काढा आणि डिस्क बदला.

## ९. फाइल्स न पुसता विंडोज पुन्हा बसवणं

विंडोज ११ च्या नव्या आवृत्त्यांत सेटिंग्ज, सिस्टीम, रिकव्हरी इथे 'फिक्स प्रॉब्लेम्स युझिंग विंडोज अपडेट' असतं. त्यातलं 'रीइन्स्टॉल नाऊ' तुमच्या फाइल्स, अ‍ॅप्स आणि सेटिंग्ज जागेवर ठेवून तीच आवृत्ती पुन्हा बसवतं. सर्वांत परिणामकारक उपाय हाच, आणि सर्वांत कमी लोकांना माहीत असलेलाही.

ते नसेल, किंवा विंडोज १० असेल, तर मायक्रोसॉफ्टच्याच साइटवरून मीडिया क्रिएशन टूल घ्या, रिकाम्या पेनड्राइव्हवर विंडोज उतरवा, आणि चालू विंडोजमधूनच त्यातलं 'सेटअप' उघडा. पेनड्राइव्हवरून मशीन सुरू करायचं नाही, ती फॉरमॅटची वाट. पुढे 'कीप पर्सनल फाइल्स अँड अ‍ॅप्स' निवडा. तो पर्याय फिकट दिसत असेल तर तिथेच रद्द करा: उतरवलेल्या विंडोजची भाषा किंवा प्रकार तुमच्या मशीनशी जुळत नाही.

## १०. अपडेटनंतर मशीन सुरूच होत नसेल

लोगो दिसताच पॉवर बटण दाबून बंद करा. असं दोन-तीनदा केलं की विंडोज स्वतः रिकव्हरीच्या निळ्या पडद्यावर नेतं. तिथे ट्रबलशूट, 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स', 'अनइन्स्टॉल अपडेट्स', आणि आधी 'लेटेस्ट क्वालिटी अपडेट' काढा. नाही जमलं तर 'सिस्टीम रिस्टोअर'. बिटलॉकर की मागितली तर पायरी ४ मधला कागद काढा. 'रीसेट धिस पीसी' हा पर्याय त्याच पडद्यावर ठळक दिसतो. फाइल्स बाहेर काढलेल्या नसतील तर तिकडे जाऊ नका, 'कीप माय फाइल्स' निवडलं तरी बसवलेले प्रोग्रॅम आणि वर सांगितलेले फॉन्ट जातात.

## ११. दुकानात न्यावं लागलं तर

डिस्क आवाज करते, मशीन निळ्या पडद्यापर्यंतही पोचत नाही, किंवा वॉरंटी चालू आहे, अशा वेळी न्यायलाच हवं. वॉरंटीतलं मशीन बाहेर उघडू देऊ नका, कंपनीच्या सेवा केंद्रातच द्या.

केबी क्रमांक, एरर कोड आणि कोणत्या पायऱ्या झाल्या हे लिहिलेला कागद सोबत द्या. 'आधी डाटा काढा, मला दाखवा, मगच फॉरमॅट' हे पावतीवर लिहून घ्या, तोंडी नको. डिस्क बदलली तर जुनी डिस्क परत मागा, तुमचे फोटो आणि बँकेची कागदपत्रं तिच्यावरच आहेत. परत आल्यावर दुकानातच मशीन चालू करून विंडोज 'अ‍ॅक्टिव्हेटेड' दिसतं का ते सेटिंग्जमध्ये बघा. लॅपटॉपबरोबर आलेलं विंडोज त्याच मशीनवर पुन्हा फुकट अ‍ॅक्टिव्हेट होतं, त्यासाठी वेगळे पैसे देण्याची गरज नाही.